दोन गुरूंच्या धाकातले नाना

नानांना मी भरीत खाताना कधी पाहिलं नाही. जळगावात राहून, हिवाळ्याच्या दिवसांत, सगळी गल्ली केळीच्या पानावर भरीत-पुरीला हात घालत असताना हा माणूस पुरीबरोबर नुसता ठेचा खाऊन उठायचा. कोणी आग्रह केला की म्हणायचे, "बाबांना देऊन टाकलंय." बाबा म्हणजे भडगावजवळच्या एका खेड्यातले त्यांचे गुरू. लग्नानंतर नाना-आक्कांनी जोडीनं त्यांचा कानमंत्र घेतला होता. त्या वेळी रिवाजाप्रमाणे आवडीचा एकेक पदार्थ गुरूला वाहायचा, म्हणजे जन्मभर सोडायचा होता. नानांनी वांगं वाहिलं, आक्कांनी कारलं. "मला कुठं आवडतं कारलं! बाबांनी विचारलंच नाही," असं आक्का हसत सांगायच्या. नाना इकडेतिकडे बघायचे. "हळू बोल. त्यांना ऐकू जातं."

नाना वीजखात्यात वायरमन होते. आमच्या गावात, नशिराबादच्या पुढं, शेतातल्या मोटारीच्या जोडण्या त्यांनीच केल्या होत्या. त्या ओळखीवर वडिलांनी मला कॉलेजसाठी त्यांच्या घरी ठेवलं. आमच्या घरातून दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. मूलबाळ नसलेल्या त्या दोघांनी तीन वर्षं मला मुलीसारखं सांभाळलं. मी आज धुळ्याला शिक्षिका आहे ती त्यांच्यामुळे, हे लिहून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

वादळात तार तुटली की नाना खांबावर चढायचे, बाकीचे खाली उभे राहून ओरडायचे. विजेची भीती त्यांना नव्हती. भीती होती ती फक्त बाबांची. सायकलचा तोल गेला तरी "आज जपात लक्ष नव्हतं" म्हणायचे. चहा सांडला तरी तेच. आम्ही हसायचो.

एकदा त्यांच्यासोबत काम करणारा माणूस तारेला चिकटून जागच्या जागी गेला. नानांनीच त्याला खाली उतरवलं. त्यानंतर त्यांना एक प्रश्न सुटेना. अंग तर इथंच होतं, कपाळावर घामही होता, मग गेलं ते काय? ते भडगावला जाऊन बाबांना विचारून आले. बाबा म्हणाले, "नाम घेत राहा." पुन्हा गेले, पुन्हा तेच उत्तर. म्हातारा दुसरं बोलतच नसे.

नानांचं भडगावला जाणं थांबलं. मग दोनेक वर्षांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून नाना शिरपूरला एका महाराजांच्या प्रवचनाला गेले. हे महाराज प्रश्न ऐकून घ्यायचे, उत्तर द्यायचे, उलट विचारायचे. नाना परत आले ते चेहरा उजळून. मात्र बाबांची परवानगी काढली नव्हती. एक गुरू असताना न विचारता दुसऱ्याच्या पायाशी बसणं आमच्याकडे फार मोठं पाप समजत. नाना दर महिन्याला शिरपूरला जायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, "ड्यूटी आहे."

चौथ्या की पाचव्या खेपेला तिथं पंगत होती. पानात भरीत आलं. नाना मागं सरकले. महाराज म्हणाले, "प्रसाद आहे. खा. भीती सोड." नानांनी खाल्लं. घरी येऊन त्यांनी हे आक्कांना सांगितलं तेव्हा मी तिथंच पुस्तक घेऊन बसले होते. आक्का म्हणाल्या, "चांगलं झालं होतं का हो?" नाना हसले नाहीत.

पुढच्याच महिन्यात आक्कांच्या पोटात गाठ निघाली.

नाना पार बदलले. जेवायला बसले की घास हातातच राहायचा. "मी खाल्लं आणि हिला लागलं," एवढंच ते बोलायचे. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला कळत होतं, त्यांना समजावतही होते. तरी त्या महिन्यात मीही वांगं खाल्लं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नानांनी भडगावला जाऊन पाय धरायचं ठरवलं. आक्का दवाखान्यातल्या खाटेवरून मला म्हणाल्या, "तू जा गं बरोबर. एकटे गेले तर निम्म्या रस्त्यातून परत येतील." आक्कांची बहीण त्यांच्याजवळ थांबली. एसटीत नाना खिडकीचा दांडा धरून बसले होते. "काय म्हणू? आधी शिरपूरचं सांगू का आधी वांग्याचं?" एरंडोल गेलं तरी ठरत नव्हतं.

बाबांच्या दारात त्यांची सून ज्वारी पाखडत होती. नानांनी बाबांची चौकशी केली. ती म्हणाली, "बाबा तं गयात भाऊ. दोन वरीस व्हयनात."

म्हणजे शिरपूरची पहिली खेप झाली तेव्हाच बाबा नव्हते. नाना ओट्यावर बसले. मला वाटलं, सुटले. पण त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली. आता माफ करणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी त्या बाईलाच सगळं सांगितलं आणि हात जोडले, "त्यांच्या वतीनं तुम्ही माफ केलं म्हणा."

ती दोन पावलं मागं सरली. "माले काय समजस त्यामातलं?" मग सूप खाली ठेवून म्हणाली, "बाई दवाखानामा शे नं? मंग तुम्ही आठे काय करी राह्यनात? जा तिनाकडे!"

आक्का त्या ऑपरेशनमधून उठल्या आणि पुढं बरीच वर्षं जगल्या, हे आधीच सांगून टाकते. नाना नंतरही शिरपूरला जात राहिले, बाबांचा मंत्रही त्यांनी सोडला नाही, आणि दोन्हीकडे ते घाबरतच असत. आज दोघंही नाहीत. शाळेतल्या बायका मला विचारतात, तुमचे गुरू कोण? एकच धरावा की शोधत राहावं, हे मला अजून सांगता येत नाही. मला आठवतो तो दवाखान्यातला बाक.

आक्कांना आत नेलं होतं. नाना ओठ घट्ट मिटून बसले होते. जप चालू नव्हता.

"नाम घ्या ना नाना," मी म्हणाले.

"बाबांनी दिलेलं घ्यायला तोंड राहिलं नाही. शिरपूरचं घेतलं आणि हिला काही झालं तर?" ते माझ्याकडे वळले. "तू शिकलेली आहेस पोरी. तू सांग, कोणाचं नाव घेऊ?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आक्कांचं घ्या."

बोलले आणि जीभ चावली. त्या पिढीतला नवरा बायकोचं नाव घेत नसे. पंचवीस वर्षं नानांचं "ऐकलं का?" एवढ्यावरच भागलं होतं. मोठ्या माणसाला आपण हे काय सांगून बसलो, आता रागावतील, असं मला वाटलं.

नानांनी त्या बंद दाराकडे पाहिलं. चपला काढल्या, बाकावरच मांडी घातली, डोळे मिटले. आणि अगदी हळू, कोणी ऐकेल की काय अशा धास्तीनं म्हणाले, "सिंधू."

थोडं थांबून पुन्हा म्हणाले. दार उघडेपर्यंत ते थांबले नाहीत.