अवकाळी तारपा

"शर्ट काढ," शेठ म्हणाला. "फोटोत बरा दिसत नाही."

माझ्या गळ्यात मोगऱ्याचा हार होता. तो थोड्या वेळापूर्वी त्यानेच घातला होता. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर त्याचे मुंबईचे पाहुणे बसले होते, एकाच्या हातात कॅमेरा. शेठच्या गड्याने माझ्यापुढे लंगोटी धरली. नवी कोरी. म्हणजे आधीपासून आणून ठेवलेली.

आणि माझा हात आपोआप वरच्या गुंडीकडे गेला. बीए झालेला माणूस मी. पण शेठने सांगितलं आणि हात गेला. त्या हाताचा राग मला आजही येतो.

लंगोटी मला परकी नाही. माझा बा जन्मभर लंगोटीवर राहिला. घरी आलो की मीही लंगोटीवरच शेतात उतरायचो. पण ती आम्ही आमची नेसतो. दुसऱ्याच्या करमणुकीसाठी नेसायची वेळ त्या रविवारी पहिल्यांदा आली.

साठीच्या दशकातली ती मधली वर्षं. तारापूरकडे वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, बोईसरच्या रस्त्याने ट्रका धुरळा उडवत जायच्या. आमचा वारल्यांचा पाडा बेटेगावच्या आत, ट्रका जायच्या त्या रस्त्यापासून लांब. तिथून बीए झालेला मी पहिला. पालघरला बोर्डिंगात, मग मुंबईला वसतिगृहात राहून शिकलो. निकाल लागला आणि शनिवारी घर माणसांनी भरलं. आईने अंगण सारवलं. आत्या लांबच्या पाड्यावरून चालत आली आणि मला नुसती हात लावून बघत राहिली. वसतिगृहातला माझा घिवलीचा दोस्त, मांगेल्या मच्छीमारांचा पोरगा, टोपलीभर बोंबील घेऊन आला. सोबत कागदात गुंडाळलेला पांढरा टेरिलीनचा शर्ट. तुला मास्तर व्हायचंय, मास्तरासारखा दिस, असं म्हणून त्याने तो माझ्या अंगावर फेकला. आम्ही पोटभर जेवलो, हसलो. आल्यागेल्याला तंबाखू देताना बाची मान ताठ होती. ते मी पाहिलं.

मास्तर व्हायचं होतं ते खरंच. पालघरच्या एका शाळेच्या मंडळाचा शेठ अध्यक्ष होता. बा त्याच्या वाडीत राबायचा. पोरगा पास झाला की घेऊन ये, मास्तर करून टाकू, असं शेठने बाला सांगून ठेवलं होतं. बाने ते वाक्य वर्षभर उराशी धरलं होतं. म्हणून रविवारी शेठने सत्काराला बोलावलं तेव्हा सगळे निघालो. आई लग्नातलं लुगडं नेसली. तारपा घेऊन या, असा निरोप होता. बाने तारपा घेतला नाही.

तारपा, आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, म्हणजे बाचा जीव. दुधी भोपळा, बांबू, ताडाची पानं, मेण, सगळं त्याने स्वतः जोडलेलं. पण तो वर्षभर वाजत नाही. भात पिकून कणसरी, म्हणजे आमची धान्याची देवी, घरात आली की मगच तारपा खाली काढायचा. तोवर तो फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगलेला. पेरणीच्या तोंडावर त्यात फुंक मारायची नाही. मारली तर कणसरी रुसते, भात भरत नाही. पाड्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

बंगल्यावर मला खुर्ची मिळाली. आईला, बाला, आत्याला, दोस्ताला खाली अंगणात. मी मागे वळून बघत होतो, तर शेठ म्हणाला, इकडे बघ. हार घातला. टाळ्या झाल्या. मग बाला विचारलं, तारपा कुठे? बा हात जोडून म्हणाला, घरी हाय. शेठने गड्याला सायकलवर पिटाळलं. आमचं घर उघडंच असायचं. गड्याने आढ्याचा तारपा ओढून काढला आणि आणून व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला, चहाच्या उष्ट्या कपांमध्ये. फडकं वाटेत कुठे पडलं कोण जाणे. आईने तोंडाला पदर लावला.

"वाजव," शेठ म्हणाला. "पाहुणे मुद्दाम थांबलेत. तू वाजव, पोरगा नाचेल."

"आता नाय, शेठ," बा म्हणाला. "भात झालं का मंग वाजवीन. तुमी म्हनाल तितका."

पाहुणे हसले. शेठही हसला आणि माझ्याकडे वळला. लंगोटी आली ती तेव्हा. शर्ट काढ म्हणाला ते तेव्हाच.

दोन गुंड्या निघाल्या होत्या. तेवढ्यात तो पुढचं बोलला. ते बोलला नसता तर कदाचित तिसरीही निघाली असती.

"बापाला समजाव. शिकलास ना? देवीबिवी काही नसतं म्हणून सांग त्याला. नाहीतर मास्तर होऊन पोरांना काय शिकवणार?"

माझं डोकं सणकलं. म्हणजे माझी बीए त्याला यासाठी हवी होती. बाला तो स्वतः वाकवू शकला नाही, म्हणून मी वाकवायचं. माझ्या शिक्षणाने. शेठच्या स्वतःच्या देवघरात समई जळत होती, ती मला व्हरांड्यातून दिसत होती. तिच्याबद्दल कुणी समजावायचं नव्हतं.

मी गुंड्या परत लावल्या. हार काढून खुर्चीवर ठेवला. टेबलावरचा तारपा उचलला.

"शेठ, तारपा वाजनार नाय. आनि मी शर्ट काढनार नाय."

आमच्याच बोलीत बोललो. त्या घरात मी नेहमी पुस्तकी बोलायचो. शेठ ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "मग शाळेत येऊ नकोस." कॅमेरावाला खाली बघत राहिला.

वाटेत दोस्ताने अंगातला सदरा काढून तारप्यावर गुंडाळला आणि बनियनवर चालत राहिला. घरी शनिवारचा भात उरला होता. तो कुणी खाल्ला नाही. आई माझ्यावरच चिडली. हार तरी घरी आणायचास, म्हणाली. बाने तारपा परत टांगला, दोरी दोनदा ओढून बघितली, आणि मला म्हणाला, "तारपा माजा, तो मी नाय वाजवला. नोकरी तुजी हाय. उद्या जा, शेठच्या पाया पड."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. ज्या माणसाने देवीसाठी शेठला नकार दिला, तो पोरासाठी पाया पडायला सांगत होता. शेठने आम्हाला इथवर आणून ठेवलं होतं.

"नाय जानार, बा," मी म्हणालो.

त्या शाळेत मी कधी पाऊल ठेवलं नाही. शेठच्या वाडीतलं बाचं काम आठवड्यात सुटलं. तरीही मी गेलो नाही. मनाशी ठरवलं, नोकरी कुठेही मागेन, दहा दारांत उभा राहीन, पण शर्ट अंगात ठेवून. आणि बाला वाकवायला माझं शिक्षण कुणी मागितलं, तर त्याला माझ्याकडून एकच उत्तर मिळेल, जे त्या दिवशी शेठला मिळालं. नाय.