भिंतीमागे कांताबाई

कांताबाईचा जळफळाट मी रोज चुलीजवळून बघितला. आमची शाळा वाटूरच्या पलीकडे, टेकाडाच्या उतारावर आहे आणि तिथे मी पोरांची खिचडी शिजवते. माझ्या शेडमधून खालचा सगळा उतार दिसतो. लोक म्हणतात, मालनबाईला दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड आहे. आहे तर आहे. समोर दिसतं त्याला मी काय करू?

उतार असा, की दर पावसाळ्यात मैदानाचा खालचा काठ ढासळायचा. खो-खोचा एक खांब तर गेल्या साली ओढ्यात सापडला. म्हणून शाळेने खालच्या अंगाला दगडी भिंत बांधायला काढली आणि काम संपतमिस्तरींना दिलं. मिस्तरी आमच्याच गावातले, भीमनगरातले. कांताबाई त्यांची बायको.

दगडाच्या कामात मिस्तरी एकटा नसतो. त्याच्या पाठीशी एक माणूस उभा असतो. मिस्तरी दगड मागत नाही, नुसता हात मागे करतो. पाठीमागच्या माणसाने भिंतीतली रिकामी जागा हेरायची आणि तिथे बसेल असाच दगड त्या हातावर ठेवायचा. लग्न होऊन आल्यापासून ती जागा कांताबाईची. विहिरी, घरांची जोती, पुलाचे कठडे, जिथे जातील तिथे मिस्तरींचा हात मागे आणि हिचा दगड तयार. घरात ही दोघं फारशी बोलत नाहीत. भाजीत मीठ नसलं तरी मिस्तरी गुमान जेवतात. त्यांचं जे काय बोलणं व्हायचं ते त्या दगडांतून. माझा नवरा हातात चहा दिला तरी वर बघत नाही, त्यामुळे मला कांताबाईचा हेवाच वाटायचा. खोटं कशाला बोलू.

आणि या कामावर पहिल्याच दिवशी मिस्तरी म्हणाले, "कांता, तू मागं भर घाल. दगड दैवशाला दील."

दैवशाला आमच्या गावची लेक, दिलेली आष्टीला. नवरा उसाच्या कामाला अंकुशनगरला गेलेला, म्हणून ती आईकडे राहायला आली होती. तरणी, उंच, नजरेची तेज. कांताबाईने 'का' म्हणून विचारलं नाही. विचारणाऱ्यातली ती नव्हेच. घमेलं उचललं आणि गोटे-मुरूम भरायला भिंतीच्या मागे गेली.

गावाला वाटलं तसलं काही नव्हतं, हे आधीच सांगते. मिस्तरी परक्या बाईकडे मान वर करून बघणाऱ्यातले नाहीत. कांताबाईलाही तो संशय नव्हता. संशय असता तर एकदा कडाकडा भांडून मोकळी झाली असती. तिला सलत होता तो मागे येणारा हात. त्यावर आता दुसरीचा दगड पडत होता आणि ही भिंतीपलीकडून मान उंचावून बघत होती.

दुपारी पाणी प्यायला ती माझ्याकडे यायची.

"बसतेत का गं तिचे दगड?" मी मुद्दामच विचारलं.

"बराबर बसतेत. म्हणून तर पोटात आग पडून राह्यली. एखादा तरी चुकला असता तर जीव थंड झाला असता माझा."

"मंग बोल की मिस्तरीला."

"काय बोलू? मला माघारी घ्या म्हणू? भीक मागू का आता त्या जागेची?"

भिंतीत पाणी जायला पाइपाचे तुकडे बसवलेले होते. त्यांच्या मागे आधी गोटे, मग मुरूम, हे कांताबाईला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. काळी माती तिथे चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला पुढे लोटते. एके दिवशी ट्रॅक्टरवाल्या राधेश्यामने काळी मातीच आणली, पण ती वर झाडांच्या खड्ड्यांसाठी होती. ट्रॉली चढ चढेना, म्हणून त्याने कांताबाईला विचारलं, "काकू, हितंच टाकू का?"

नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडे दैवशालाने दिलेला कोपऱ्याचा दगड एका दमात बसला आणि मिस्तरी म्हणाले, "वा गं पोरी."

इतक्या वर्षांत कांताबाईला एक 'वा' मिळाला नव्हता. ती राधेश्यामला म्हणाली, "टाक." पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. ट्रॉली गेल्यावर तिने ती माती फावड्याने पाइपांच्या मागे ओढली आणि वरून मुरूम पसरला. मिस्तरी रोज संध्याकाळी समोरून ओळंबा लावून भिंत तपासायचे, पण मागे एकदाही आले नाहीत. आपल्या कामाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, याचाही तिला राग होता.

भिंत पुरी होत आली आणि पाऊस लागून राहिला. उघडला त्या सकाळी बघतो तर भिंतीचं मधलं अंग पुढे फुगलेलं, आणि पाइपांतून पाण्याचा थेंब नाही. हेडमास्तरांनी पोरांना मैदानात सोडायचं बंद केलं. मिस्तरी फुगलेल्या जागेवर हात फिरवत राहिले. मग दैवशालाकडे वळले.

"तुझे दगड वंगाळ. आतून पोकळ राह्यली भित. उद्यापासून येऊ नको."

"मामा, मागली भर तरी बघा," दैवशाला रडवेली होऊन म्हणाली.

"भर बघायची बिलकुल गरज न्हाई. तिथं कांता हाय. भित समोरून कोणीबी चढवतं, पण ती उभी राहते मागल्या भरीवर. म्हणून तर कांताला तिथं घातलं."

कांताबाई तेव्हा माझ्याजवळ तांब्या घेऊन उभी होती. तिला हवं होतं ते सगळं घडत होतं. दैवशाला चालली होती, जागा रिकामी होत होती आणि नवऱ्याने जन्मात कधी न काढलेले शब्द काढले होते. फक्त गप्प राहायचं होतं. तिच्या जागी मी असते तर गप्पच राहिले असते.

तिने तांब्या खाली ठेवला, टिकाव घेतला आणि भिंतीच्या मागे जाऊन उकरायला लागली. मुरुमाखालून काळा चिखल वर आला. मिस्तरी धावत तिकडे गेले. दैवशालाही गेली.

"माती म्या वढली," कांताबाई म्हणाली. "झाडाची हाय हे माहीत व्हतं मला. हिचा एकबी दगड चुकलेला न्हाई."

"का केलंस?" मिस्तरींनी एवढंच विचारलं.

"मला मागं का घातलं ते सांगितलं का तुमी?"

"तुला सांगावं लागतं का?"

"लागतं," ती म्हणाली.

मधली भिंत उतरवली, माती उपसली, गोटे भरले, पुन्हा काम सुरू झालं. मिस्तरींनी दैवशालाला स्वतः घरी जाऊन बोलावून आणलं. कांताबाई आपण होऊन मागेच उभी राहिली. आता संध्याकाळी ओळंबा गुंडाळला की मिस्तरी वळसा घालून मागे येतात, तिने घातलेल्या भरीत हात खुपसून मूठभर मुरूम बाहेर काढतात, बोटांनी चुरून बघतात आणि न बोलता निघून जातात. तेवढा वेळ कांताबाई घमेलं धरून उभी असते.

"बघतेत आता," काल ती मला म्हणाली. "माझं रोज बघतेत. तिचा दगड अजूनबी न बघताच घेतेत."