अंगणात बसवलेला सुपरचार्जर

झाशीजवळच्या बिजौलीतल्या दोन मेकॅनिकांनी मला नाही म्हटलं. एकाने हसून, एकाने न हसता. न हसणाऱ्याचा राग मला जास्त आला, कारण तो मनापासून माझं भलं चिंतत होता.

"मॅडम जी, ये गाड़ी अब आराम करने लायक है," तो म्हणाला. "इसमें सुपरचार्जर लगाओगी तो इंजन फट जाएगा."

"ठीक है, मैं घर पे लगा लूंगी."

"घर पे?" त्याने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "घर पे तो भूल ही जाओ."

ही गाडी म्हणजे जुनी, कार्बोरेटरवाली, लहानशी पेट्रोल गाडी. सहा वर्षांपूर्वी लग्न मोडून झाशीला आई-बाबांकडे परत आले तेव्हा दोन सुटकेस आणि ही गाडी एवढंच माझ्याबरोबर आलं होतं. विमा कार्यालयातली कारकुनी पाच दिवस करायची आणि सुट्टीच्या दिवशी गाडी मातीत पळवायची, हा नाद मला इथे आल्यावर लागला. रस्त्यावरची तिची मुदत संपली तेव्हा नोंदणी रीतसर रद्द करून घेतली आणि ती फक्त मैदानासाठी ठेवली. समथरजवळ एका शेतमालकाच्या पडीक रानात वर्षातून दोनदा गाड्यांच्या शर्यती होतात. मागच्या खेपेला तिथल्या मातीच्या चढावर माझ्या गाडीने अर्ध्यावरच दम सोडला. चौघांनी ढकलून खाली आणली. एकजण जाता जाता म्हणाला, "दीदी, ये स्कूटी वालों के लिए नहीं है."

सुपरचार्जर म्हणजे हवा ढकलणारा पंप. इंजिनाच्याच पट्ट्यावर तो फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. मी दिल्लीच्या जुन्या मालाच्या बाजारातून एका लहान जपानी गाडीचा सुपरचार्जर मिळवला होता. आईच्या मोठ्या कुकरपेक्षा जरा लहान, पण हातात घेतला की मनगट खाली जाईल इतका जड.

त्या दिवशी जेवताना मी तो ताटाशेजारी ठेवला आणि बिजौलीची हकीकत सांगितली. बाबांना ऐकू कमी येतं. यंत्र लावलं तरी निम्मंच येतं. बहुतेक बोलणं त्यांच्यावरून निघून जातं आणि ते "हं" म्हणून भाकरी मोडत राहतात. पण तो एक शब्द त्यांना बरोबर ऐकू आला.

"सुपरचार्जर?" ते म्हणाले. "कोणाचा?"

बाबा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये एकतीस वर्षं होते. त्यातली वीस सुपरचार्जर उघडून, साफ करून, पुन्हा बसवण्यात गेली. कानही तिथेच गेले. डिझेल इंजिनाचा सुपरचार्जर उचलायला क्रेन लागते आणि तो धुराच्या जोरावर फिरतो. पुढे सगळ्या लाइनींवर विजेच्या तारा आल्या, डिझेल इंजिनं एकेक करून बाजूला उभी राहिली आणि बाबांच्या विभागात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या. निवृत्तीनंतर आठ वर्षांत त्यांनी शेडचं नाव काढलं नव्हतं.

त्यांनी ताट सरकवलं, सुपरचार्जर मांडीवर घेतला आणि आतले दोन रोटर बोटाने फिरवून पाहिले.

"खेळणं आहे," ते म्हणाले. मग पुन्हा फिरवले. "पण चांगलं खेळणं आहे. त्याला कशाला विचारायला गेलीस? मी काय मेलो होतो?"

जानेवारी होता. सकाळी दहाच्या सुमारास ऊन अंगणात यायचं आणि शनिवार-रविवारी आम्ही तिघं बाहेर यायचो. तिघं, कारण आईही आली. आईने सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, हिंदी माध्यमात. त्यामुळे तिचे आकडे आजही हिंदीतच चालतात. मराठीत बोलता बोलता ती "पैंसठ का दुगुना" म्हणते. बाबांनी तिला व्हर्नियर कॅलिपर कसा धरायचा ते एकदा दाखवलं. पुन्हा दाखवावं लागलं नाही.

पहिलं भांडण पुलीवरून झालं. इंजिनाची पुली एकशे तीस मिलिमीटरची. सुपरचार्जरवरची पुली जितकी लहान, तितका तो जोरात फिरणार. बाबांना बावन्नची हवी होती.

"ढाई गुना," आईने वहीत लिहिलं. "इंजिन छह हजार फेरे मारणार, म्हणजे हा पंद्रह हजार. कागदावर त्याची मर्यादा चौदह हजार लिहिली आहे."

"लिहिणारे थोडं राखून लिहितात."

"मग तुम्ही थोडं राखून वागा. पैंसठची घ्या. बारह हजार."

"काय?" बाबा म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं, हे आम्हा दोघींना कळत होतं. आईने वही त्यांच्या नाकासमोर धरली. पासष्टची ठरली.

सुपरचार्जर इंजिनाला धरून ठेवायला लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट लागत होता. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याचा नमुना केला आणि मी बिजौलीला खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, घेऊन गेले. त्याने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

"कौन मिस्त्री लगा रहा है?"

"मैं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. शेवटी त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "छेद दस के या बारह के?" त्या आठवड्यात मला कोणी विचारलेला तो पहिला सरळ प्रश्न होता.

काका आले ते एका रविवारी. बाबांचे धाकटे भाऊ, दतिया गेटजवळ राहतात, आणि आमच्या घरातलं बरं-वाईट आमच्याआधी त्यांना कळतं. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, मी गाडीखाली, बाबा स्टुलावर, आई स्वेटरच्या बाह्या वर सारून पुलीचं माप घेत होती. मला काकांचे फक्त बूट दिसत होते.

"दादा, सत्तरी आली," बूट म्हणाले. "आता रामाचं नाव घ्यावं, की हे?"

"काय?"

"रामाचं नाव."

"घेतो की. पट्टा चढवताना दर वेळी घेतो."

बूट माझ्याकडे वळले. "आणि तू? लोक काय म्हणतात ठाऊक आहे? नवऱ्याचं घर सोडून आली आणि आता गाडीखाली लोळते. उद्या कोणी स्थळ घेऊन आलं तर हे दाखवायचं?"

मी बाहेर सरकले. तोंडावर ग्रीस होतं, ते तसंच राहू दिलं. "हेच दाखवा, काका. एकदम सगळंच कळेल त्यांना."

काकांनी आईकडे पाहिलं. घरातलं शहाणं माणूस म्हणून ते नेहमी आईकडेच बघतात. "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

आईने मापावरून डोळे काढले नाहीत. "तुम्ही उजेडात उभे आहात, भावोजी. जरा सरका."

काका सरकले. मग चहा न घेताच गेले. मला वाईट वाटलं नाही. सहा वर्षं मी या घरात दबक्या पावलांनी वावरले होते, जणू माझ्या परत येण्याची शिक्षा सगळ्यांना मिळते आहे. त्या दिवशी मी हातोडी मुद्दाम जोरात आपटली.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा पट्टा किंचाळला आणि पाच सेकंदांत उडून अंगणाच्या भिंतीवर जाऊन आदळला. बाबांचा हात नुकताच तिथून निघाला होता. चूक आमचीच होती. पुठ्ठा दबतो, लोखंड दबत नाही, आणि त्या दबलेल्या पुठ्ठ्यामुळे दोन्ही पुल्या एका रेषेत नव्हत्या. तीन मिलिमीटरचा फरक. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "फट गया क्या?" मी ओरडून सांगितलं, "नहीं भैया, अभी नहीं." ब्रॅकेट सोडला, खाली तीन मिलिमीटरच्या चकत्या घातल्या, पुन्हा बसवला. पट्टा टिकला. सुपरचार्जर शिट्टीसारखा बारीक आवाज काढत फिरू लागला आणि बाबांनी लांब पेचकसाचं टोक त्याच्या अंगावर टेकवून मूठ स्वतःच्या गालाच्या हाडाला लावली. शेडमध्ये ते बेअरिंगचा आवाज असेच ऐकायचे. कान गेले तरी हाड ऐकतं, असं त्यांचं म्हणणं.

"साफ आहे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी घरामागच्या मोकळ्या जागेत नेली. तिथे मातीचा एक उंच बांध आहे. बाबा शेजारी बसले, तळहात डॅशबोर्डवर. दुसऱ्या गिअरमध्ये मी बांधावर गाडी घातली आणि ती अशी उसळली की आम्ही दोघंही सीटला चिकटलो. बाबा हसत होते. कितीतरी वर्षांनी त्यांचे सगळे दात दिसले.

"दे," ते म्हणाले. "अजून दे."

मी दिलं. आणि मग मला ते ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजाखाली दुसरा आवाज, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा. मी पाय उचलला.

"का सोडलंस?"

"ठोकतंय, बाबा."

"काही ठोकत नाही. पुन्हा घे."

मी पुन्हा घेतलं. पुन्हा वाटाणे. या वेळी मी इंजिनच बंद केलं.

"एकतीस वर्षं काढली आहेत मी," बाबा म्हणाले. "ठोकलं असतं तर हाताला कळलं असतं. चालू कर."

"नाही करणार."

"मी सांगतो म्हणून कर."

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

आमच्या घरात हे वाक्य कोणी उच्चारत नसे. मोठ्याने बोलायचं, पुन्हा सांगायचं, वहीत लिहून दाखवायचं, पण असं म्हणायचं नाही. आणि हे मात्र त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. ते दार उघडून उतरले आणि मागे न बघता घराकडे चालू लागले. मला त्यांच्या मागे धावावंसं वाटलं. धावले नाही. हे इंजिन जळलं असतं तर उरलेली सगळी झाशी बरोबर ठरली असती, आणि ते मी बाबांच्या मानापायीसुद्धा होऊ देणार नव्हते.

इंजिन निवेपर्यंत थांबले आणि चारही स्पार्क प्लग काढले. नीट जळत असेल तर प्लगचं टोक फिकट तपकिरी दिसतं. हे चारही चुन्यासारखे पांढरे होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं. तिसऱ्यावर भिंगातून पाहिलं तर बारीक चकाकते कण. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळायला लागलं होतं. आणखी दोन फेऱ्या, आणि खेळ संपला असता.

प्लग एका ताटलीत ठेवून मी बाबांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसले होते, कानातलं यंत्र उशीजवळ पडलेलं. ताटली समोर ठेवली, भिंग दिलं. त्यांनी चष्मा पुसला, एकेक प्लग उजेडात धरला. तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबले.

मग त्यांनी यंत्र उचलून कानात घातलं. हे त्यांनी माझ्यासाठी केलं, कारण एरवी कामाच्या दिवशी ते घालत नाहीत, शिट्टी वाजते म्हणून.

"कार्बोरेटरचा जेट मोठा घाल, पेट्रोल जास्त जाईल," ते म्हणाले. "आणि ठिणगीचं टायमिंग चार अंश मागे घे." मग विचारलं, "आवाज कसा होता?"

"पत्र्याच्या डब्यात वाटाणे."

"बरोबर. तसाच असतो." त्यांनी ताटली माझ्या हातात दिली. "आता ऐकायचं काम तुझं. मी म्हटलं चालू कर, आणि तुला तो आवाज आला, तर माझं ऐकू नकोस."

जेट दोनदा बदलला. प्लग तपकिरी झाले. वाटाणे पुन्हा वाजले नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी ट्रकवर घालून आम्ही समथरला गेलो. आई दशम्या आणि लोणचं घेऊन आली होती. अकरा गाड्या होत्या आणि चालवणाऱ्यांत बाई मी एकटी. चढ तोच होता, तसाच भुसभुशीत. मी मागची खेप आठवत बसले नाही. दुसऱ्या गिअरमध्ये घातली, शिट्टी चढत गेली, मागची चाकं एकदा घसरली आणि धरली, आणि समोर एकदम आभाळच आलं. वर पोचले होते. पलीकडे उतरताना माझ्या तोंडातून आरोळी निघाली, हे मला नंतर आईने सांगितलं.

शेवटी आयोजक माइक घेऊन उभे राहिले. पहिले तीन झाले आणि मग त्यांनी माझं नाव घेतलं. हातात एक गुलाबी रिबिनीचा कप होता. "और हमारी लेडीज कैटेगरी में, फर्स्ट."

मी पुढे गेले, पण कप घेतला नाही. "भैया, लेडीज में तो मैं अकेली हूं."

"तभी तो फर्स्ट हैं, दीदी." लोक हसले.

"मेरा टाइम बोलिए. सबके साथ कौन सा नंबर है?"

त्यांनी कागद चाळला. माइक तोंडाजवळून हलवला होता, म्हणून मी तो पुन्हा त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"चौथा," ते म्हणाले. रानभर ऐकू गेलं.

"बस, यही बोलना था."

चौथ्या नंबराला बक्षीस नव्हतं. कप खोक्यात परत गेला. टेबलावर पावसाळ्यानंतरच्या शर्यतीची नावं घेणं चालू होतं, दोन कागद, एक लांब आणि एक कोरा, कोऱ्यावर वर "लेडीज" लिहिलेलं. टेबलामागच्या माणसाने सवयीने कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी लांब कागद ओढून घेतला आणि बाराव्या ओळीत नाव लिहिलं. मदतनीसांच्या रकान्यात एकाच नावाची जागा होती. मी तिथे दोन बसवली, आईचं आणि बाबांचं, बारीक अक्षरात.