तीन म्हणजे किती

आमचं वर्कशॉप शिरूरला. वडील खिडक्यांच्या ग्रिल बनवायचे आणि नुकताच डिप्लोमा झालेली मी कोपऱ्यातल्या बोर्डावर त्या ग्रिलच्या नक्षीची फुलं काढायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कांद्याची प्रतवारी करणारं यंत्र बनवायला पाचजण एकत्र आले: कांदा उत्पादकांचा गट, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, जवळच्या एमआयडीसीतली एक कंपनी, दौंडचे रेल्वेतून निवृत्त झालेले फिटरमामा आणि आम्ही. यंत्राचं ड्रॉइंग मी काढायचं; ते चाललं तर पुढचीही सगळी ड्रॉइंग माझ्याकडे, नाहीतर पुन्हा ग्रिलची फुलं, असं ठरलं होतं.

दुसऱ्या बैठकीपर्यंत दोन पार्ट्या पडल्या. गावावरून नाही, शिक्षणावरून नाही, मोजायच्या टेपवरून. कॉलेजचे सर आणि कंपनीचे साहेब मिलीमीटरवाले. मामा, वडील आणि शेतकरी गटाचे आबा सूतवाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरहून जरासा जास्त. मिलीमीटरवाले खुर्चीत बसून कपानं चहा प्यायचे, सूतवाले लोखंडाच्या ढिगावर बसून बशीनं. मी मधे स्टुलावर. दोन्हीकडची बिस्किटं मला मिळायची.

पहिल्या चाचणीनंतर आबा म्हणाले, "पोरी, जाळीची फट तीननं वाढव." मी ऐटीत ड्रॉइंगवर लिहिलं, अधिक ३. कशाचे तीन ते लिहिलंच नाही. यंत्राला दोन जाळ्या होत्या: डावी कंपनीत तयार झाली, उजवी दौंडला मामांकडे.

प्रात्यक्षिक मार्केट यार्डात होतं. बघायला ही गर्दी. एकाच मापाचे कांदे डावीकडून 'मोठा' ठरून बाहेर यायचे आणि उजवीकडच्या फटीतून खाली पडून 'गोल्टी', म्हणजे बारीक. आबांनी एक कांदा दोन्हीकडून फिरवून पाहिला.

"ह्यो आत्ता मोठा व्हता. बाजू बदलली आन् बारीक झाला. पुढारी हाय का काय?"

लोक हसले. मामा म्हणाले, "माझी जाळी तीन सूतच हाय." साहेब म्हणाले, "आमची तीन मिलीमीटरच आहे." दोघंही खरं बोलत होते. मी ड्रॉइंग उघडून पाहिलं.

"चूक माझी," मी म्हणाले. "नुसता आकडा लिहिला."

"यापुढे ड्रॉइंग आमच्या ऑफिसात होतील," साहेब म्हणाले. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

मामा उठले. "मग म्या येत न्हाई."

"मग मामाच काढतील ड्रॉइंग," वडील म्हणाले.

"मग आम्ही येत नाही," सर म्हणाले.

शेवटी आबा म्हणाले, "पोरीकडंच ऱ्हाऊ द्या. ती कुणाचीच न्हाई."

ते वाक्य मला फार लागलं. काम मात्र त्याच वाक्यानं वाचलं. घरी जाऊन मी प्रत्येक माप दोनदा लिहिलं, वर मिलीमीटर, खाली सूत. जो तो आपापली ओळ वाचू लागला, दोन्ही जाळ्या सारख्या झाल्या आणि यंत्र चालू लागलं.

पुढच्या बैठकीला मी माझं स्टूल दोन्ही पार्ट्यांच्या बरोबर मधोमध ठेवलं, टेपनं मोजून. कोणत्या टेपनं, ते आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही.