देवराईतली पाटी

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

राजूरजवळच्या आमच्या वाडीत आम्ही चार घरांनी मिळून पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केलीय. आज पुण्याच्या पाहुण्यांना देवराई दाखवायला नेलं. चपला बाहेर काढायला लावल्या आणि बजावलं, "इथली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही." सगळ्यांनी निमूट ऐकलं.

वाटेवरच्या उंबरावर मी गेल्या आठवड्यात पाटी लावलीय, 'झाडांना इजा करू नका.' सोबत आलेले माझे चुलते तिथं थांबले. चिकाच्या ओघळावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो खिळा कुनी मारला रं?"

पाहुणे माझ्याकडे बघत राहिले.

पाटी काढलीय, पण खिळा उपटला तर झाडाला आणखी जखम होईल म्हणून हात धजत नाही. उद्या दुसरे पाहुणे येताहेत. वाळक्या काडीचा नियम त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?