केबिनवाल्या मामांचा नंबर

नुसत्या शब्दावर ज्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तरी ज्यांच्या भरवशावर मी आजवर उभा आहे, असा एकच माणूस मला भेटला: आमचे केबिनवाले मामा.

औरंगाबाद स्टेशनच्या पश्चिमेला, निजामाच्या काळातल्या केबिनीत ते सिग्नल पाडायचे. नव्या कारखान्याकडं तिथून रुळांचा एक फाटा निघायचा. मामा त्याला 'जंक्शन' म्हणत; फाटा म्हणणाऱ्याला चहा मिळत नसे. घामानं गंज चढतो म्हणून ते लिव्हर फडक्यात धरून ओढत, आणि घरी मामींचा तांब्याही तसाच धरत. रेल्वेत फोनवर गाडीची कबुली देताना पुरावा म्हणून एक खासगी आकडा द्यायची रीत असते. मामांनी ती सगळ्या संसाराला लावली होती. भाजीवाली म्हणाली, "उद्या मेथी आणते," की हे लगेच, "नंबर दे!" शहागंजातल्या शिंप्यानं वैतागून 'चारशे वीस' दिला, तर मामांनी तोही मानला. सदरा वेळेवर मिळाला!

मी सातवीत शाळा सोडून गोंदियाकडून इथं कारखान्यात लागलेला, मुळातच भित्रा. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते; बंद, मोर्चे, दगडफेक. घरमालकानं माझं आडनाव नव्यानं ऐकल्यासारखं केलं आणि सामान बाहेर ठेवलं. कारखान्याला जाता-येता मी मामांकडं चहाला थांबायचो; ट्रंक घेऊन केबिनीत त्यांचा निरोप घ्यायला गेलो. मला गावाकडं नेणारी मनमाडची गाडी यायची होती.

"खोली मिळाली तर ऱ्हाशील?" मामांनी विचारलं.

"राहीन. पण देतंय कोण?"

"नंबर दे."

"एक्केचाळीस."

मामांनी फडकं घेतलं, लिव्हर ओढला आणि माझ्या डोळ्यांदेखत माझी गाडी काढून दिली. पळत जायचं मला सुचलंच नाही.

मामांचं घराणं मेंढपाळांचं. उस्मानपुऱ्यातल्या घरामागच्या खोलीत अजून दोन शेळ्या असत. त्या मामांनी अंगणात बांधल्या आणि मला आत घातलं.

शेजारी कुंपणावरून म्हणाला, "मामा, आडनाव इचारलं का याचं?"

"नंबर दिलाय त्यानं."

"आडनाव म्हंतो मी!"

मामी बाहेर आल्या. "शेळ्यांची खोली गेली, त्या गप हायेत. तुमचं काय गेलं, भाऊजी?"

त्या खोलीत असतानाच मी नोकरीत कायम झालो, लग्न केलं. पुढं विद्यापीठाला नवं नाव मिळालं, ब्रॉडगेजचे मोठे रूळ आले, केबिन बंद झाली. माझी थोरली आता त्याच विद्यापीठात शिकते.

परवा मामांना भेटायला गेलो. कान गेलेत. मामींनी माझं नाव ओरडून सांगितलं, तरी ओळख पटेना. मग नंबरही न मागता, माझा हात चाचपत म्हणाले, "जेवलास का?"

मी घरून जेवून निघालो होतो. "नाही," म्हणालो, आणि पानावर बसलो.