घमेल्यातले निखारे

सकाळी गाडीचं दार ओढलं तेव्हा तो आणि त्याची बायको निपचित पडली होती. मधे माझं घमेलं होतं.

गुंजवण्याच्या धरणाकाठी तो दर थंडीत शहरातून येऊन आमच्या घराजवळ ही आत झोपता येणारी, घरासारखी गाडी लावायचा. खिडक्यांच्या फटी कापडाने बुजवायचा आणि फुशारकी मारायचा, "मावशी, माझ्या गाडीत मुंगीलाही गारवा लागत नाही."

आदल्या संध्याकाळी बायको कुडकुडत होती म्हणून तो निखारे मागायला आला. मीच सांगितलं, "धूर पुरता जाऊ द्या, मग न्या. धूर न्हाई तर भ्या न्हाई." बिनधुराचे निखारेही बंद जागेत विषारी हवा सोडतात, आमच्या कौलांतून वारा खेळतो म्हणून आम्ही जगतो, हे मला ठाऊक नव्हतं. तो उकिडवा बसून फुंकत राहिला, शेवटचा धूर जाईपर्यंत. माझं इतकं घरात कोणी ऐकत नाही.

तो वाचला. बायको गेली.